मार्बल आर्च: लंडनभर वाटला गेलेला एक दरवाजा

ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून पश्चिमेकडे चालत राहिलं की दुकानं संपतात आणि समोर एक पांढरी संगमरवरी कमान दिसते, तिच्या चारी बाजूंनी बस, टॅक्सी, सायकली. मागं राजवाडा नाही, किल्ला नाही, तटबंदी नाही. बहुतेक लोक एक फोटो काढतात आणि हाइड पार्ककडे निघून जातात. हे मार्बल आर्च. नावाचं ट्यूब स्टेशन आहे, बसवर पाटी आहे, त्यामुळं लंडनला न गेलेल्यांनीही हे नाव कुठंतरी ऐकलेलं असतं, पण ही कमान तिथं का आहे हे फार कमी जणांना माहीत असतं.

मला स्वतःला लंडनमधली सगळ्यात समजून घेण्यासारखी वास्तू हीच वाटते. एक तर ती आज जिथं आहे तिथं ती बांधलेलीच नव्हती, आणि दुसरं म्हणजे आज जी दिसते ती पूर्ण कमान नाहीच. तिचं बरंच कोरीव काम लंडनमधल्या दुसऱ्या इमारतींवर बसलंय आणि तिच्या माथ्यावर उभा राहायचा घोडेस्वार राजा तिसऱ्याच ठिकाणी उभा आहे. जुन्या वाड्याची वाटणी होते तेव्हा दार एकाकडे जातं, तुळया दुसऱ्याकडे आणि देव्हारा तिसऱ्याकडे, तसंच काहीसं झालंय. म्हणून हा सगळा प्रकार नीट सुरुवातीपासून सांगतो.

आधी विजयकमान म्हणजे काय ते बघू, कारण तिथंच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आपल्याकडची वेस किंवा गडाचं महाद्वार खरंच काहीतरी अडवायला असतं, शत्रू आला की बंद करायला. रोमन लोकांची विजयकमान काहीच अडवत नाही. ती रस्त्यावर एकटीच उभी असते आणि तिच्यातून फक्त जायचं असतं. युद्ध जिंकून आलेला सेनापती चार घोड्यांच्या रथातून शहरात मिरवत यायचा, पुढं लुटलेला माल आणि कैदी, मागं सैनिक, आणि ही मिरवणूक कॅपिटोलाइन टेकडीवरच्या ज्युपिटरच्या देवळापाशी संपायची. मिरवणूक एका दिवसात संपते, लोक विसरतात, म्हणून तिची आठवण दगडात ठेवायची पद्धत पडली. रोममध्ये टायटसची कमान आहे, इसवी सन ७० मध्ये जेरुसलेम पडलं त्याची, आणि तिच्या आतल्या बाजूला तिथल्या ज्यूंच्या देवळातली सात फाट्यांची समई उचलून नेणारे सैनिक कोरलेत, आजही स्पष्ट दिसतात.

पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाची कमान आहे ती सम्राट कॉन्स्टंटाइनची, कोलोसियमच्या अगदी शेजारची, ३१५ सालची. तिला तीन दारं आहेत, मधलं मोठं आणि दोन्ही बाजूंना लहान. आता गंमत बघा, या कमानीवरची बरीचशी उत्तम शिल्पं तिच्यासाठी केलेलीच नव्हती. ट्राजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस या आधीच्या सम्राटांच्या स्मारकांवरून ती काढून आणून इथं बसवली आणि जुन्या सम्राटांचे चेहरे तासून तिथं नवा चेहरा कोरला. म्हणजे ही कमान दुसऱ्यांच्या तुकड्यांनी भरून पूर्ण झाली. मार्बल आर्च याच कमानीवरून घेतलंय आणि त्याचं नशीब बरोबर उलटं निघालं, त्याचेच तुकडे दुसऱ्यांकडे गेले.

तीन दारं का, हा प्रश्न मला नेहमी पडायचा आणि त्याचं उत्तर फक्त सौंदर्यात नाही. दगडी कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड अर्धगोलात एकमेकांना दाबून बसलेले असतात, वरचं ओझं त्यांच्यामधून खाली येतं पण सरळ खाली येत नाही, ते बाजूंनाही ढकलतं, त्यामुळं दोन्हीकडचे खांब बाहेर सरकायला बघतात. मग एकतर खांब खूप जाड करायचे, नाहीतर शेजारी अजून एक कमान बांधायची म्हणजे दोघी एकमेकींना रेटून धरतात. वर सपाट जड माळा असतो ना, ज्याच्यावर लेख आणि पुतळे असतात, त्याचाही उपयोग असतो, त्याच्या वजनानं तो बाजूचा रेटा खालच्या दिशेला वळतो. म्हणजे जे नुसतं सजावटीचं वाटतं ते काम पण करत असतं.

आता लंडन. राजा चौथा जॉर्ज १८२० मध्ये गादीवर आला, खर्चिक आणि हौशी माणूस, बकिंगहॅम हाउस नावाचं आपल्या आईबापांचं घर त्याला मोठ्या राजवाड्यात बदलायचं होतं. त्याचा आवडता आर्किटेक्ट होता जॉन नॅश, ज्यानं लंडनची रीजंट स्ट्रीट आखली आणि ब्रायटनला समुद्राजवळ हिंदुस्थानी घुमटांचा पॅव्हिलियन उभा केला. नॅशनं बकिंगहॅमला इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा राजवाडा काढला, तीन बाजूंना इमारत आणि मध्ये मोठं अंगण, आणि अंगणाच्या उघड्या चौथ्या बाजूला राजाच्या येण्याजाण्याचं मुख्य दार म्हणून एक विजयकमान. डिझाइन १८२६-२७ च्या सुमाराचं. डोळ्यासमोर रोमची कॉन्स्टंटाइनची कमान होतीच पण अजून एक होती, पॅरिसमधली कारूझेलची कमान, नेपोलियननं १८०६ ते १८०८ मध्ये त्वीलरी राजवाड्याच्या पुढं बांधलेली. ज्या नेपोलियनला वॉटर्लूच्या लढाईत हरवलं त्याच्याच दारासारखं दार त्याच्यावरच्या विजयासाठी बांधायचं असा हा सगळा विचार.

त्या काळातली इंग्लंडमधली मोठी सरकारी बांधकामं साधारण पोर्टलंडच्या चुनखडीत व्हायची. नॅशनं मात्र इटलीतल्या काराराचा संगमरवर मागवला, रावाच्चोने नावाचा प्रकार, शुभ्र नाही तर जरा करडेपणाकडे झुकणारा पांढरा, आणि ब्रिटनमधल्या इमारतीला हा दगड पहिल्यांदाच लागला. कमानीची रुंदी ६० फूट, खोली ३० फूट, उंची ४५ फूट, म्हणजे साधारण १४ मीटर. आपलं गेटवे ऑफ इंडिया २६ मीटर आहे, तेव्हा मार्बल आर्च प्रत्यक्षात बघताना लहान वाटलं तर नवल नाही.

लहान वाटायचं खरं कारण मात्र वेगळंय. कागदावरची कमान याहून उंच होती! नॅशच्या योजनेत एका बाजूला नौदल आणि ट्रॅफल्गारची समुद्रावरची लढाई जिंकणारा नेल्सन, दुसऱ्या बाजूला लष्कर आणि वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वर लढायांचे लांबलचक शिल्पपट्टे, पुतळे, आणि सगळ्यात वर घोड्यावर बसलेला चौथा जॉर्ज. रिचर्ड वेस्टमॅकॉट, एडवर्ड हॉजेस बेली, रॉसी, घोडेस्वार राजासाठी फ्रान्सिस चॅन्ट्री असे त्या काळचे मोठे मोठे शिल्पकार एकाच वेळी कामाला लागलेले होते. तिचं प्लास्टरचं मॉडेल लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, ते बघितलं की आजची कमान किती बोडकी आहे ते एका नजरेत कळतं.

१८३० मध्ये चौथा जॉर्ज वारला आणि सगळं फिरलं. राजवाड्याचा खर्च १८२९ पर्यंतच जवळजवळ ५ लाख पौंडांवर गेला होता, जो त्या काळात भयंकर आकडा होता, आणि पार्लमेंटमध्ये आरडाओरडा चालू होता. नॅशला पाठीशी घालणारा राजाच गेल्यावर त्याला काढून टाकलं. आणि काढलं कुणी, तर तेव्हाचे पंतप्रधान होते खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ज्यांच्या विजयाचं कोरीव काम या कमानीसाठी चाललं होतं. मला हे प्रकरण वाचताना वेलिंग्टनचा राग येत नाही, सरकारचा पैसा असा वाहत असताना कुणीतरी थांबवायलाच हवं होतं. पण नॅशबद्दल वाईट वाटतं. आयुष्यभर शहर घडवलेला म्हातारा माणूस, त्याला त्यानंतर कुणी काम दिलं नाही आणि १८३५ मध्ये तो गेला.

नंतरचा राजा चौथा विल्यम याला या राजवाड्यात राहायचंच नव्हतं. १८३४ मध्ये पार्लमेंटची इमारत जळाली तेव्हा त्यानं हा राजवाडा घ्या म्हणून पार्लमेंटला देऊ केला होता. काम संपवायला एडवर्ड ब्लोर नावाचा आर्किटेक्ट आणला, काटकसरीचा माणूस म्हणून प्रसिद्ध, आणि त्यानं वरचा सगळा शिल्पांचा मजला रद्द करून १८३३ मध्ये कमान आटोपती घेतली. शिल्पं तर तयार होती, पैसे देऊन झालेले होते, त्यांचं काय करायचं? काही पट्टे ब्लोरनं राजवाड्याच्याच भिंतींवर लावले. काही गेली ट्रॅफल्गार स्क्वेअरला, तिथं त्याच वर्षांत विल्यम विल्किन्स नॅशनल गॅलरीची इमारत बांधत होता आणि त्यालाही पैशांची चणचण होती, त्यामुळं फुकटात मिळालेली शिल्पं त्यानं घेतली. गॅलरीच्या पूर्वेकडच्या बाजूला मिनर्व्हा देवी आहे ती मुळात ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटन देशाचं स्त्रीरूप, होती, नेल्सनच्या बाजूसाठी केलेली. देवीच बदलून टाकली.

घोडेस्वार राजाची गोष्ट तर अजून सरळ आहे. चॅन्ट्रीनं ब्राँझचा पुतळा तयार केला, राजा रोमन पद्धतीनं बसलाय, खोगीर नाही, रिकीब नाही, आणि कमानीच्या माथ्यावर जागाच उरली नाही म्हणून १८४३ मध्ये तो ट्रॅफल्गार स्क्वेअरच्या ईशान्येकडच्या चौथऱ्यावर ठेवला, तात्पुरता म्हणून. तो आजही तिथंच आहे. तिथं बसून सँडविच खाणाऱ्या हजारो लोकांना तो एका दरवाज्याचा वरचा भाग आहे हे माहीत नसतं.

आता नॅशनल गॅलरीच्या मधल्या, खांबांच्या दाराच्या वर बघा, कारण इथं आपला, म्हणजे महाराष्ट्राचा संबंध येतो. तिथं रॉसीनं केलेल्या दोन स्त्रिया आहेत, एक युरोप आणि दुसरी आशिया म्हणजे हिंदुस्थान, एकीबरोबर घोडा आणि दुसरीबरोबर उंट, आणि दोघींच्या मध्ये एक गोल आहे, पूर्ण रिकामा. त्या गोलात वेलिंग्टनचा चेहरा यायचा होता. वेलिंग्टन जिथं जिथं लढला ते दोन भूभाग त्या दोघींच्या रूपानं त्याच्या दोन्ही बाजूंना बसवलेले. आणि हिंदुस्थानातल्या त्याच्या लढाया म्हणजे कुठल्या? तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत होता आणि मग १८०३ मध्ये आपल्याकडे आला, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांशी लढला, आणि डिसेंबरमध्ये चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पाडला. असईला शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची जी हानी केली ती इतकी होती की पुढं वॉटर्लू जिंकल्यावरही आपली सगळ्यात चांगली लढाई कुठली असं विचारल्यावर तो असईचंच नाव घ्यायचा.

म्हणजे लंडनच्या मधोमध, वर्षानुवर्षं लोक जिच्याखालून चित्रं बघायला आत गेले त्या दारावरची ती हिंदुस्थान नावाची बाई, तिच्या मागं श्रीरंगपट्टण आहे, असई आहे, गाविलगड आहे. आमच्याकडच्या लढाईचा तो दगड एका राजाच्या दारासाठी कोरला गेला, तिथं बसला नाही, म्हणून चित्रांच्या गॅलरीवर गेला. असईला गेलात तर तिथं बघायला फारसं काही नाही, शेतं आहेत आणि नद्या आहेत. मराठी माणूस लंडनला जातो तेव्हा टूर गाइड त्याला कोहिनूर आवर्जून सांगतो, हे पण कुणीतरी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

परत कमानीकडे. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणी झाली आणि बकिंगहॅममध्ये खरोखर राहायला आलेली ती पहिली राजगादीवरची व्यक्ती. १८४० मध्ये लग्न, मग एकामागून एक मुलं, आणि १८४५ मध्ये तिनं पंतप्रधान रॉबर्ट पील यांना पत्र लिहून जागा पुरत नाही म्हणून तक्रार केली. मुलांच्या खोल्या नाहीत, पाहुण्यांना ठेवायला जागा नाही, मोठा नाचाचा हॉल नाही. उपाय म्हणून पुन्हा ब्लोरलाच बोलावलं आणि त्यानं अंगणाची उघडी चौथी बाजू नवीन इमारत बांधून बंद करायची ठरवली. पैशासाठी ब्रायटनचा पॅव्हिलियन ५३,००० पौंडांना ब्रायटन शहराला विकला. म्हणजे नॅशची एक वास्तू विकून आलेले पैसे त्याचीच दुसरी वास्तू जागेवरून हलवणाऱ्या कामात गेले.

नवी बाजू १८४७ ते १८५० मध्ये झाली. आज टीव्हीवर राजघराणं ज्या बाल्कनीत येऊन हात हलवतं ती याच नव्या बाजूच्या मधोमध आहे, आणि मार्बल आर्च साधारण त्याच जागी उभं होतं. इमारत आली, कमानीला अंगण उरलं नाही, म्हणून १८५० मध्ये तिचा एकेक दगड उतरवला. नवी बाजू बांधणारा थॉमस क्युबिट हाच कंत्राटदार, त्यानंच ती हाइड पार्कच्या ईशान्य कोपऱ्यात कंबरलंड गेटला परत उभी केली. मार्च १८५१ मध्ये काम पूर्ण, आणि १ मे ला त्याच पार्कात क्रिस्टल पॅलेसमधलं ते जगप्रसिद्ध मोठं प्रदर्शन सुरू झालं, ज्याला ६० लाखांवर लोक आले, त्यामुळं पार्कला एक भपकेदार दार तेव्हा हवंच होतं.

इथं एक प्रसिद्ध गोष्ट खोडून काढायलाच हवी, कारण अजूनही फिरवणारे लोक ती सांगतात. ती अशी की राजाची मोठी बग्गी कमानीतून जाईना म्हणून कमान हलवली. हे खरं नाही. १९५३ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत ती सोन्याची बग्गी, आठ घोडे जोडलेली, याच कमानीतून गेली. कारण अगदी घरगुती होतं, मुलं वाढली आणि खोल्या कमी पडल्या.

दगडी इमारत अशी हलवता येते याचं आपल्याला आश्चर्य वाटतं, पण ते बांधकामाच्या पद्धतीमुळं शक्य होतं. घडीव दगड एकमेकांवर बारीक सांध्यानं बसवलेले असतात, प्रत्येकाची जागा ठरलेली, त्यामुळं बांधण्याचा क्रम उलटा केला की उतरतात. आतून आधाराचा लाकडी सांगाडा घालायचा, कमानीचा मधला वरचा दगड काढेपर्यंत सगळं त्या सांगाड्यावर पेलायचं. आजच्या सिमेंटच्या एकसंध इमारतीला असं करता येत नाही, ती फोडावीच लागते. लंडनमध्ये हलवलेली ही एकटी कमान पण नाही, हाइड पार्कच्या दुसऱ्या कोपऱ्यावरची वेलिंग्टन आर्च, डेसिमस बर्टनची, तीही ट्रॅफिकसाठी १८८२-८३ मध्ये हलवली आहे. पॅरिसमध्ये बरोबर उलटं झालं, तिथं १८७१ च्या बंडात त्वीलरी राजवाडाच जळाला, पुढं त्याचे अवशेषही काढले, आणि कारूझेलची कमान मात्र जागेवर एकटी राहिली. दोन्ही कमानी आज राजवाड्याशिवाय आहेत, फक्त कारणं वेगळी.

नवी जागा साधी नव्हती. या कोपऱ्याला टायबर्न म्हणायचे आणि शेकडो वर्षं लंडनची फाशीची जागा इथं होती. न्यूगेटच्या तुरुंगातून कैद्याला गाडीत घालून साधारण तीन मैल आणायचे, रस्त्यावर गर्दी, आणि तो रस्ता म्हणजेच आजची ऑक्सफर्ड स्ट्रीट, तिचं जुनं नावच टायबर्न रोड. १५७१ पासून इथं फाशी द्यायचा तीन पायांचा मोठा लाकडी सांगाडा होता ज्यावर एकाच वेळी २४ जणांना लटकवता यायचं. शेवटची फाशी १७८३ ची. एजवेअर रोडच्या तोंडाशी ट्रॅफिक आयलंडवर जमिनीत बसवलेली खूण आहे, लोक तिच्यावरून चालत जातात. विजयी सेनापतीच्या मिरवणुकीसाठी शोधलेली वास्तू शेवटी कैद्यांच्या मिरवणुकीच्या शेवटच्या टप्प्यावर येऊन उभी राहिली, हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण मला ते फार लागतं. आणि एजवेअर रोड हा खरोखरचा रोमन रस्ता आहे, वॉटलिंग स्ट्रीट, म्हणजे रोमची नक्कल योगायोगानं रोमनांच्या अस्सल रस्त्यापाशी आली.

कमानीच्या आत तीन लहान खोल्या आहेत, वरच्या बाजूला, बाहेरून कळतही नाहीत. तिथं बरीच वर्षं पोलीस चौकी होती, विसाव्या शतकाच्या साठच्या दशकापर्यंत. पोलिसांना इथं काम भरपूर होतं. १८५५ मध्ये रविवारी दुकानं बंद ठेवायच्या विधेयकाविरुद्ध हाइड पार्कात मोठी निदर्शनं झाली, १८६६ मध्ये मताच्या हक्कासाठी आलेल्या लोकांना अडवायला गेट बंद केले तर लोकांनी पार्कचं रेलिंगच उपटलं, आणि शेवटी १८७२ च्या कायद्यानं पार्कमध्ये सभा घ्यायला रीतसर जागा मिळाली. ती जागा म्हणजे स्पीकर्स कॉर्नर, कमानीपासून हाकेच्या अंतरावर. एप्रिल २०१९ मध्ये हवामान बदलावरून आंदोलन करणारे एक्स्टिंक्शन रिबेलियनचे लोक मार्बल आर्चलाच तळ ठोकून बसले होते. राजाच्या दाराचा सगळ्यात जास्त उपयोग असा राजाच्या नसलेल्या माणसांनी केला. रिवाजाप्रमाणं मात्र समारंभात मधल्या दारातून जायचा मान आजही फक्त राजघराण्याला आणि राजाच्या तोफखान्याच्या घोडदळ तुकडीला आहे.

माझ्या मते कमानीवर खरा अन्याय १८५० मध्ये झाला नाही. तेव्हा हलवली तरी तिला एक काम दिलं होतं, पार्कचं दार होण्याचं. अन्याय झाला तो पुढं, मोटारींसाठी. १९०८ मध्ये रस्ते नव्यानं आखले आणि कमान पार्कपासून तुटली, नंतर १९६० ते ६४ मध्ये पार्क लेन रुंद केली तेव्हा ती पूर्णच मोठ्या ट्रॅफिक आयलंडवर अडकली. दाराला आत आणि बाहेर असं काही राहिलं नाही.

आणि संगमरवराचं काय झालं तेही बघायला हवं. संगमरवर म्हणजे रसायनाच्या भाषेत कॅल्शियम कार्बोनेट. कोळसा जळला की धुरातून सल्फर डायऑक्साइड निघतो, तो ओलाव्यात मिसळला की आम्ल होतं आणि ते संगमरवराच्या पृष्ठभागाचं जिप्सम करतं. जिप्सम पाण्यात विरघळतं, म्हणून जिथं पाऊस थेट लागतो तिथं दगड हळूहळू धुऊन जातो, कोरीव कामाच्या कडा बोथट होतात, आणि जिथं पाऊस पोचत नाही, म्हणजे कंगोऱ्यांखाली, तिथं ते जिप्सम काजळी धरून काळा थर होऊन बसतं. पांढऱ्या कमानीवर काळे पट्टे दिसतात ते नुसती धूळ नाही, दगडच बदललेला असतो, त्यामुळं घासून काढताना खालचा दगड जायची भीती असते. तरी मार्बल आर्च टिकलं. तिला हटवून जी नवी बाजू बांधली होती ती फ्रान्समधल्या कां (Caen) या शहराजवळच्या मऊ दगडाची होती, लंडनच्या काजळीनं ती इतकी खराब झाली की १९१३ मध्ये ॲस्टन वेबनं तिला पूर्ण नवा पोर्टलंड दगडाचा चेहरा लावला.

अगदी अलीकडचा प्रकार २०२१ चा. कोविडनंतर ऑक्सफर्ड स्ट्रीटला गिऱ्हाईक परत यावं म्हणून वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेनं कमानीशेजारी २५ मीटर उंचीची कृत्रिम टेकडी उभारली, आत मचाण आणि वर हिरवळ, डिझाइन एमव्हीआरडीव्ही या डच कंपनीचं. मूळ कल्पना कमानच टेकडीखाली झाकायची होती, पण सहा महिने उजेडाशिवाय राहिली तर दगडांमधले सांधे कमकुवत होतील असं जतन करणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितलं आणि टेकडीचा एक कोपरा कापून कमान बाहेर ठेवली. टेकडी उघडली तेव्हा हिरवळ अर्धवट, झाडं सुकलेली, तिकिटांचे पैसे परत करावे लागले, खर्च ६० लाख पौंडांवर गेला, नगरपालिकेच्या उपनेत्याला राजीनामा द्यावा लागला, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बंद करून नंतर काढून टाकली. लोक त्या टेकडीवर चिडले ते पैशासाठी आणि ते बरोबरच होतं, पण शेजारी पावणेदोनशेहून जास्त वर्षांची वास्तू उभी असताना तिच्याकडे बघायला लावायला एवढ्याच पैशात किती काही करता आलं असतं असं मला राहून राहून वाटतं, निदान नॅशला काय बांधायचं होतं हे दाखवणारा एक मोठा फलक तरी.

लंडनला जाणार असाल तर ही कमान पूर्ण बघता येते, फक्त चालावं लागतं. आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं मॉडेल बघून घ्या म्हणजे काय शोधायचंय ते कळेल. मग बकिंगहॅमला बाल्कनीसमोर उभं राहा, मूळ जागा तीच. तिथून द मॉल नावाच्या रस्त्यानं सरळ चालत गेलं की ट्रॅफल्गार स्क्वेअर येतो, ईशान्येच्या चौथऱ्यावर घोडेस्वार राजा, आणि समोर नॅशनल गॅलरीच्या दारावर तो रिकामा गोल, त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्त्रिया मान वर करून नीट बघा, उंटवाली आपली. पूर्वेच्या बाजूला मिनर्व्हा. मग सेंट्रल लाइननं मार्बल आर्च स्टेशन. कमानीवर उरलेल्या शिल्पांत एका बाजूला वेस्टमॅकॉटनं कोरलेले इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आहेत, दुसरी बाजू बेलीची, आणि मधल्या ब्राँझच्या दारावर सॅम्युएल पार्करनं घडवलेला सिंह, ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज आणि चौथ्या जॉर्जची अक्षरं. सकाळी लवकर गेलात तर ट्रॅफिक कमी असतं, आणि उजेड तिरका असल्यानं कोरीव काम जास्त चांगलं दिसतं.